वाघाची वहिनी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे. आई-वडिलांचे आहेतच, शाळेतल्या दोन-तीन गुरुजींचेही आहेत. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो अक्कामुळे.

शिरूर कासार तालुक्यातलं आमचं गाव दसरा झाला की अर्धं रिकामं व्हायचं. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, त्यांत आमचे आई-वडीलही असायचे. मी चौथीत असताना वडील म्हणाले, यंदा पोराला बरोबर नेऊ, बैलं तरी राखील. टोळी न्यायला ट्रॅक्टर दारात आला तेव्हा अक्का उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "ह्याला नेलं तर मी बी येते. मग घर कोण बघायचं ते तुमीच ठरवा." तिला घरीच ठेवणं भाग होतं, म्हणून मीही राहिलो. सातवीनंतर तिची शाळा सुटली, माझी चालू राहिली. ती भाकऱ्या थापायची आणि मी चुलीपुढं बसून पाढे म्हणायचो. चुकलो की ती पिठाच्या हातानं टपली मारायची. शाळेत जाताना माझ्या केसांत पीठ असायचं आणि पोरं हसायची. आता मी माजलगावात एका खाजगी शाळेत शिक्षक आहे. फळ्यावर लिहून झालं की हातावरचा खडू झटकताना मला तेच पीठ आठवतं.

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिचंच काय, कुणाचंच लिहिणार नाही. नाव कुणी लावायचं आणि कुणाला विचारून लावायचं, यावरूनच हे सगळं झालं. आणि तिनं मला हे लिहू दिलं ते एकाच अटीवर. "माझं नाव मी लावीन. तू नको लावू."

आधी आमच्याकडे मोबाइलवर लोक कसली नावं लावतात ते सांगतो.

मागं एकदा नववीच्या वर्गात मी सहज विचारलं, की मोबाइलवर तुम्ही कोणत्या नावानं असता? मुलांना केवढा उत्साह. एक 'किंग', एक 'सरकार', एक 'डॉन', एक नुसताच 'ब्रँड'. 'एकटा वाघ' दोन निघाले, आणि ते दोघं एकाच बाकावर बसत होते. मी म्हणालो, "अरे, दोघं असून एकटे कसे?" तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, याचा गृहपाठ त्यो करतोय, तवा वाघ एकच हाय." वर्ग हसला, मीही हसलो. मग मी मुलींकडं वळलो तर सगळ्या खाली बघायला लागल्या. एकीचं 'पापाची परी' होतं. एकीनं नुसतं गुलाबाचं फूल ठेवलं होतं, नाव काहीच नाही. आणि वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणाली, "सर, माझं खातं भावाच्या नावानं हाय."

"कावून गं?"

"मुलीचं नाव टाकलं की अनोळखी लोकांचे मेसेज येत्यात. भावाचं टाकलं की कुणी फिरकत न्हाई."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. ऊन आहे म्हणून डोक्यावर रुमाल घेतला, तितक्या साधेपणानं. मला मात्र त्या दिवशी पुढचा धडा नीट शिकवता आला नाही.

मुलांना तरी काय बोलावं? कॉलेजात असताना मी स्वतः 'भावी साहेब' होतो. आमच्या अभ्यासिकेत सगळेच भावी होते. कुणी भावी फौजदार, कुणी भावी तहसीलदार. साहेब काही झालो नाही, पण ते नाव बदलायचं राहून गेलं. अजून तेच आहे. आणि गंमत म्हणजे आजवर एकानंही मला विचारलेलं नाही, की बाबा रे, कशाच्या आधारावर तू साहेब? पुरुषाला जंगलातलं कुठलंही जनावर होता येतं, कुठल्याही खुर्चीवर बसता येतं. त्याला दाखला मागत नाहीत.

एवढी सूट मात्र सगळ्याच पुरुषांनाही नाही. माझा एक वर्गमित्र माजलगावातच मोटारसायकली दुरुस्त करतो. इंजिन कसं उघडायचं, त्यातला आवाज कशाचा, याचे व्हिडिओ टाकतो. खात्यावर फक्त 'मिस्त्री' लिहितो. मी म्हणालो, नाव टाक की पूर्ण, लोकांना दुकान सापडेल. तो हसला. "टाकलं होतं की बे. लोक कार्ब्युरेटर सोडून माझा धर्मच खोलून बघायला लागले." आणि आम्ही तरी काय वेगळं भोगतो? गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात कुणी मोबाइलवर साधं 'आज पाऊस बरा झाला' लिहिलं तरी खाली पहिला प्रश्न येतो, आडनाव काय? पावसाचं आणि आडनावाचं काय नातं आहे ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून अनेक शहाणी माणसं आडनाव काढून तिथं गाव लावतात. अक्कानंही तेच केलं. पण तिच्या नावात आडनावाच्या आधीच एक पेच होता.

तो पेच तिच्या लग्नात पडला. तेव्हा मी आठवीत होतो. लग्न लागलं, वरात सिरसाळ्याजवळच्या त्यांच्या गावात गेली, पाठराखण म्हणून एक चुलती आणि मी बरोबर गेलो. दुसऱ्या दिवशी ताटात तांदूळ पसरून आणले आणि नवऱ्या मुलानं, म्हणजे दाजींनी, अंगठीनं त्यात अक्काचं नवीन नाव लिहिलं. ते नाव त्यांच्या आत्यानं सुचवलं होतं. त्यांच्या घरात आधीच अक्काच्या नावाची एक जाऊ होती, म्हणून बदलायचं, असं कारण सांगितलं. बायका हसत होत्या, अक्काही हसत होती. मी ताटाजवळ उभा राहून ते नाव वाचलं. चांगलंच नाव होतं, देवीचं होतं. फक्त ते माझ्या बहिणीचं नव्हतं. दुपारी त्याच तांदळाचा भात झाला आणि सगळ्यांनी जेवण केलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांच्या बहिणींचं असंच होत होतं.

त्यानंतर वीसेक वर्षं अक्का त्याच नावानं जगली. रेशनकार्डावर तेच, आधारवर तेच, पोरांच्या शाळेत आईचं नाव म्हणून तेच. जुन्या नावानं तिला हाक मारणारी माणसं उरली ती दोनच. आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील. मी तर अक्काच म्हणतो.

गेल्या वर्षी तिच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, सुट्टीत तिला व्हिडिओचं खातं उघडून दिलं. कारण असं की अक्का बोलते फार मजेदार. भाकरी थापता थापता ती जे बोलते ते ऐकायला शेजारच्या बायका पीठ चाळण्याच्या निमित्तानं येऊन बसतात. भाची म्हणाली, "आई, हे जगाला ऐकू दे की." सासरी कुणाची ना नव्हती. चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात आणि परात दिसली पाहिजे, एवढंच सासूबाईंनी सांगितलं. अक्कानं ते मान्य केलं.

मग भाचीनं विचारलं, "नाव काय टाकू?"

हा प्रसंग मला भाचीनंच सांगितला. ती म्हणाली, मामा, आई भाकरी तव्यावर टाकायची थांबली. मग तिनं तिचं माहेरचं नाव सांगितलं आणि पुढं माहेरचंच गाव लावायला सांगितलं. भाची म्हणाली, "अगं, या नावानं तुला इथं कोण ओळखतं?" त्यावर अक्का म्हणाली, "इथल्यांनी वळखून काय करायचंय? ते रोजच बघत्यात. ज्यांना मी सापडायला पायजे त्यांना हेच नाव ठावं हाय."

तिला सापडायचं होतं ते एका मैत्रिणीला.

आमच्या गावात आमच्या घराला लागून एक घर होतं. त्यांचेही आई-वडील तोडीला जायचे आणि अक्काच्या वयाची त्यांची मुलगी धाकट्या भावंडांना घेऊन मागं राहायची. सहा महिने त्या दोघींनी मिळून दोन घरं चालवायची असा रिवाजच होता. पाण्याला बरोबर, सरपणाला बरोबर. दोघींचंही लग्न एकाच उन्हाळ्यात झालं. मैत्रीण लांब, कर्नाटकाच्या बाजूला कुठं तरी दिली. तिचे आई-वडील पुढं वारले, भाऊ कारखान्याच्या भागातच राहिला, घर पडीक झालं. तिचं सासरचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे बघा, एका बाईला दुसरी बाई शोधायची आहे, आणि दोघींचीही नावं बदललेली. शोधणार कशी? अक्कानं त्यावर तिच्या परीनं उपाय काढला होता. आपलं जुनं नाव उंच धरून उभं राहायचं. ती येईल तेव्हा येईल.

व्हिडिओ लोकांना आवडले. दोन हात, एक परात आणि तो आवाज. सासूचं नाव न घेता सासू, नवऱ्याचं नाव न घेता नवरा. एकदा ती म्हणाली, "आमच्या गावात वाघ लई झालेत बाई. मोबाइल उघडला की वाघ, मोटारसायकलीवर वाघ, पारावर चार वाघ. सांजच्याला म्हैस बांधा म्हणलं की मात्र एक बी वाघ घरी न्हाई." हा व्हिडिओ आमच्या भागात घरोघर फिरला. माझ्या शाळेतल्या शिपाईमावशींनी मला दाखवला. ही माझी बहीण, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटलो.

आता अक्काच्या धाकट्या दिराचं मोबाइलवरचं नाव वाघावरूनच आहे. पुढं गावाचं नाव आणि मागं सिंहासनाचं चित्र. वाघ आणि सिंहासन यांचा मेळ कसा बसतो ते त्यालाच ठाऊक. पारावर त्याला चिडवलं असणार, कारण तो घरी येऊन म्हणाला, "वहिनी, मला बोलली का तू?" अक्का म्हणाली, "तुमी वाघ हायेत हे मला कुठं ठावं, भाऊजी? मला तर तुमी भाऊजीच दिसता." ते तेवढ्यावर मिटलं, असं आम्हाला वाटलं.

मग एका व्हिडिओखाली एक प्रश्न आला. लिहिणाऱ्याचं खातं एका पुरुषाच्या नावाचं, चित्र झेंडूच्या फुलाचं. लिहिलं होतं, "विहिरीत बादली कुणी बुडवली होती, सांग बघू?"

अक्कानं ते दुपारी वाचलं आणि परात तशीच टाकून उठली, असं सासूबाई नंतर सांगत होत्या. पण उत्तर लिहायला तिला भाची लागत होती. अक्का वाचते चांगलं, मोबाइलवर लिहायला तिला वेळ लागतो. भाची कॉलेजात होती. ती येईपर्यंत मोबाइल दिराच्या हातात गेला. मोबाइलमधलं सिमकार्ड त्याच्याच नावाचं. घरातल्या चारही मोबाइलची सिमकार्डं त्या दोन भावांच्या नावाची आहेत.

दिरानं काय वाचलं? कुणी एक परका बाप्या आपल्या वहिनीला अगं-तुगं करून विहिरीवरची जुनी आठवण विचारतोय.

दुसऱ्या दिवशी दाजींचा मला फोन आला. "पाव्हणं, जरा येऊन जा. तुमी शिकलेले हायेत. तुमच्या बहिणीला समजावून सांगा." फोनवर काहीच कळेना. मी शाळेतून निघालो तो थेट त्यांच्या गावी.

ओट्यावर बैठक बसली होती. अक्काचे सासरे, ज्यांना ती मामा म्हणते, दाजी, वाघ, आणि गावातले एक भावकीतले वडीलधारे. सासूबाई दाराच्या आत होत्या. अक्का त्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. मला चहा दिला आणि मग मोबाइल माझ्या हातात दिला.

"वाचा," वाघ म्हणाला.

मी वाचलं. अंगावर काटा आला, पण त्यांना आला होता तसला नाही. मी मान वर करून अक्काकडं पाहिलं, ती हलकेच मान हलवत होती.

"ही तिची मैत्रीण आहे," मी म्हणालो. "आमच्या शेजारची."

"मैत्रीण?" वाघ हसला. "मास्तर, नाव वाचा की. हे बाईचं नाव हाय का?"

"तिच्या नवऱ्याचं असेल."

"असंल म्हंजे? कशावरून?"

अक्का आतून म्हणाली, "बादलीची गोष्ट तिला आन् मला, दोघींनाच ठावी हाय. ह्यालासुदिक ठावी न्हाई."

"तेच तर म्हणतोय मी," वाघ भावकीतल्या वडीलधाऱ्यांकडं वळून म्हणाला. "दोघांनाच ठाव्या अशा गोष्टी."

मला जे वाटलं ते मी इथं जसंच्या तसं लिहू शकत नाही. चाळिशीची बाई. मुलगी कॉलेजात. त्या घरात तिनं दोन दशकं भाकऱ्या थापल्या. आणि तिनं सिद्ध करायचं, की आपली मैत्रीण बाई आहे! मी आवाज चढवला. काय बोललो ते आता नीट आठवत नाही. पुस्तकी काहीतरी बोललो असेन, स्वातंत्र्य वगैरे. सगळे माझ्याकडं शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांकडं बघतात तसं बघत राहिले. दाजी तर जमिनीकडंच बघत होते.

मग अक्काच पुढं आली. सासूबाईंना म्हणाली, "आत्या, तुमचा मोबाइल कुठाय?"

"कावून गं?"

"आणा तर."

सासूबाईंनी कमरेचा मोबाइल काढून दिला. अक्कानं तो भावकीतल्या वडीलधाऱ्यांपुढं धरला. "तात्या, ह्यावर नाव कुणाचं हाय वाचा."

तात्यांनी चष्मा सारखा केला आणि नाव वाचलं. ते मामांचं होतं. सासूबाई रोज पहाटे कीर्तनं ऐकतात, त्या खात्याला पोरांनी बापाचं नाव दिलेलं.

"आता ह्ये बघा," अक्का म्हणाली. "कीर्तनाच्या ताई येत्यात त्यांच्या व्हिडिओखाली रोज गुलाबाचं फूल कोण टाकतंय? मामा टाकत्यात. 'ताई, लई गोड आवाज' कुणी लिवलंय? मामांनी."

"आरं तिच्या!" मामा दचकले. "म्या कधी?"

तात्या एवढे हसले की त्यांना ठसका लागला. दाजीही हसले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "त्यांचा आवाज गोडच हाय. खोटं लिवलं का म्या?"

क्षणभर मला वाटलं, जिंकलो. आता वाघही हसेल आणि मोबाइल अक्काच्या हातात देईल. तात्या म्हणालेच, "जाऊ द्या रं, बाईच असंल ती." संशय गेला होता, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हा वाघ म्हणाला, "बाई असू दे न्हाई तर बाप्या. माझा सवाल येगळाच हाय. वहिनीनं हे नाव कावून लावलं? ह्या नावाची बाई आपल्या घरात हाय का? नाव बदललं ते उगं बदललं का?"

आणि हसणं थांबलं. मामांनी मान डोलावली. तात्यांनीही. मला तेव्हा लख्ख कळलं, की मैत्रीण बाई आहे की पुरुष ही भानगड नव्हतीच. व्हिडिओला हरकत नव्हती, आवाजाला नव्हती, वाघांच्या थट्टेलाही नव्हती. त्यांची हरकत एवढीच होती, की त्यांच्या घरात राहणाऱ्या बाईनं त्यांनी न दिलेलं नाव वापरलं. मामा सावकाश, समजुतीनं म्हणाले, "पोरी, बोल की तू. खुशाल बोल. पण नाव आपल्या घरचं लाव. लोक विचारत्यात, ही कुणाची?"

अक्का म्हणाली, "मामा, लोकांना कुणाची हे पायजे. मी कोण, हे कुणालाच नको."

याला दाजींनी तरी उत्तर द्यायला हवं होतं. ते वाईट नाहीत. अक्काचं दुखलं-खुपलं बघणारे आहेत, दारू पीत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पाव्हणं, जेवूनच जाता ना?"

मी जेवलो नाही.

दोन दिवसांनी भाचीचा फोन आला. वाघानं खात्याचं नाव बदललं होतं. त्याच्याच सिमकार्डावरचं खातं, त्याला कुणाला विचारायचं होतं? झेंडूच्या फुलाचा तो प्रश्न पुसला, त्या खात्याला बंदी घातली. नवीन नाव दिलं, 'वाघाची वहिनी'. भाची रडत होती. मी तिला धीर देत होतो. मामांनी म्हटलं होतं तसं घरचं नावसुद्धा नाही दिलं! तांदळात लिहिलेलं नावही नाही. नवऱ्याची बायकोही नाही, पोरांची आईही नाही. एका रिकामटेकड्या पोराच्या टोपणनावाची शेपटी. त्याचा वाघ खोटा, आणि त्या खोट्या वाघावरून माझ्या खऱ्या बहिणीची ओळख. आणि बघणाऱ्यांनी काय लिहावं? 'वहिनी एक नंबर.' 'वहिनी लवकर नवीन व्हिडिओ टाका.' नाव बदललं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आलं असेल तर कुणाला खटकलं नाही.

अक्कानं त्यानंतर एकही व्हिडिओ केला नाही. वाघानंच परातीसमोर मोबाइल धरला तेव्हा ती मुकाट्यानं भाकरी थापत राहिली. तो म्हणाला, "बोल की वहिनी." ती म्हणाली, "नाव तुमचं हाय, तुमीच बोला."

मला घरी बसवेना. झेंडूचं ते फूल आणि ते पुरुषाचं नाव मी ओट्यावर वाचलं होतं, ते डोक्यात पक्कं बसलं होतं. बंदी वाघाच्या खात्यानं घातली होती, माझ्या नाही. मी शोधलं आणि सापडलं. मी लिहिलं, की मी तिचा भाऊ, लहानपणी तुमच्या अंगणात खेळायचो. तिकडून जे उत्तर आलं ते मी अक्काला पाठवलेल्या पत्रात लिहिलंय.

पत्र अशासाठी, की फोनवर बोललेलं त्या घरात सगळ्यांना ऐकू जातं आणि मेसेज सगळे वाचतात. कागदाचं पत्र मी कितीतरी वर्षांनी लिहिलं. शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवतो, तो मायना आणि ती शेवटची ओळ इथं लिहावीशी वाटली नाही. पाठवलं ते असं:

*अक्का,*

*मी सुखरूप आहे, आई-दादाही बरे आहेत. मुद्द्याचं लिहितो.*

*ती सापडली. झेंडूचं फूल तिचंच आहे. खातं तिच्या नवऱ्याच्या नावाचं, कारण मोबाइल त्याचा. मी तिला तुझा भाऊ म्हणून लिहिलं, तर तिनं मला काय उत्तर द्यावं? "तुमी कोण साहेब? मी बाप्यांशी बोलत न्हाई. तिला बोलू द्या." मी म्हणालो, खरंच भाऊ आहे. तर म्हणाली, "मग सांगा, बादली कुणी बुडवली?" मला माहीत नाही, अक्का. तू कधी सांगितलंच नाहीस. मार तुम्ही दोघींनी मिळून खाल्ला एवढंच आठवतं. माझं नाव 'भावी साहेब' बघून तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि तिचं काहीच चुकलं नाही. ते नाव मी त्याच दिवशी काढून टाकलं. आता माझं खरं नाव लावलंय, पण तिला माझं नाव नकोय, तुझं हवंय.*

*येत्या रविवारी आई बरी नाही असं सांगून निघ. खोटं बोलायला सांगतोय, रागावू नकोस. आधार कार्ड बरोबर आण. माजलगावात दुकानात जाऊन तुझ्या नावानं सिमकार्ड घेऊ. आधारवर सासरचं नाव आहे, असू दे, दुकानदाराला तेच दाखवू. खात्यावर काय लावायचं ते आधार विचारत नाही. तिथं तू तुझं नाव लाव आणि पुढं आपलं गाव. हात दाखव, नाही तर चेहरा दाखव, नाही तर काहीच दाखवू नकोस. मी लिहायला बसतो, तू सांग. नाही तर तूच लिही, मी थांबेन. चौथीत पाढे चुकायचो तेव्हा तू थांबायचीस तसा.*

*यायला जमलं नाही तर रागावणार नाही. पण उत्तर द्यायचं राहू देऊ नकोस. ती रोज विचारते, आली का?*

*पाकिटावर मी तुझं नाव लिहिलंय, आईनं ठेवलेलं. घर सापडावं म्हणून खाली दाजींचं आहे, पण वर तुझंच. पोस्टमननं ओट्यापुढं उभं राहून ते मोठ्यानं वाचलं असेल, सगळ्यांना ऐकू गेलं असेल. या नावाचं कुणी इथं नाही, असं कुणी म्हणायच्या आत तू बाहेर आलीस, म्हणूनच हे वाचते आहेस.*

*बादली कुणी बुडवली ते तेवढं तिला सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.*

*तुझा भाऊ*